माळवदावरची पिल्लं

आमच्या घरी कोंबड्या पुष्कळ, पण कोंबडीचा रस्सा आम्ही खायचो तो दुसऱ्याच्या कार्यात. अंडं मिळायचं ते तापानं फणफणल्यावर. बाकी सगळं साहेबाच्या दौऱ्यासाठी राखलेलं. निजामाच्या राज्याची शेवटची पंधरा-वीस वर्षं होती ती. गिरदावर नाहीतर तहसीलदार गावात मुक्कामाला आला की दूध, तूप, सरपण, कडबा, कोंबड्या गावानं द्यायच्या, आणि त्याही फुकट. कुणी काय द्यायचं ते पोलीस पाटील ठरवायचा. हा पाटील आमच्या भावकीतलाच, माझ्या वडिलांचा धाकटा चुलतभाऊ. त्यानं दूध एका घरावर लावलं, सरपण दुसऱ्यावर, आणि कोंबड्या आमच्यावर. कारण माझी आई कोंबड्या चांगल्या पाळायची. एखादं काम चांगलं येत असलं तर ते चारचौघांत दिसू देऊ नये, हे तिला उशिरा कळलं.

देवणीच्या अंगाला आमचं गाव. पावसाळा लागला की तिथं पिल्लं मरायची. अगदी लहान नव्हे, चांगली पिसं फुटलेली, मुठीत न मावणारी. सकाळी त्यांच्यावर पालथं घातलेलं डालगं उचललं की दोन-चार पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी असायची आणि त्यांच्याखालची जमीन लाल. लोक त्याला रगत-हगवण म्हणायचे. दिवस मावळेपर्यंत त्यांतली बहुतेक आडवी व्हायची. आई त्यांना उचलून उकिरड्यावर भिरकावायची आणि शिव्या घालायची. "मरा भाड्यांनो, मरा! तुम्ही सुटलाव, आन तिकडं चावडीत माझ्या मालकाचा जीव जातुय."

ती वाढवून सांगत नव्हती. एका साली दौऱ्याला कोंबड्या कमी पडल्या. वडिलांना चावडीवर बोलावलं. साहेब आत लोळत होता, पाटील बाहेर बाजेवर पान चघळत होता.

"दादा," तो म्हणाला, "मुर्ग्या न्हाईत म्हन्तुस. मंग साहेबाला काय सांगू? मुर्गी न्हाई तर मुर्गा तरी दाव. हो बघू मुर्गा."

वडील वाकले. गुडघ्यांखालून हात घालून त्यांनी कान धरले.

"आता बांग दे. आतवर आयकू जाऊ दे."

वडिलांनी बांग दिली. चावडीपुढं जमलेली माणसं हसली. त्यांत माझ्या वर्गातली पोरंही होती. घरी येऊन वडिलांनी हात धुतले आणि भाकरी मागितली.

ही पिल्लं का मरतात ते आपल्याला कळलं पाहिजे, हे मी तेव्हा मनात घेतलं. मामानं उदगीरला ठेवून शाळा शिकवली, पुढं सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, मी हैद्राबादला गेलो, उर्दूतून सायन्स शिकलो आणि बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्या आधी सगळे अंगठा उठवणारे. मी पहिला पदवीधर. हे मी अभिमानानं सांगतो, त्याला कुणाची परवानगी मागत नाही. नांदेडला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिथं एक खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक होता. येणाऱ्या लोकांचं लक्ष बैलाच्या दुखऱ्या खुरावर, मला त्या नळीतून काय दिसेल याची घाई.

पहिल्याच पावसाळ्यात रजा काढून गावी आलो. मेलेलं पिल्लू अंगणात फळीवर पालथं-उताणं करून दाढीच्या पात्यानं फाडायला बसलो. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन बंद पिशव्या असतात. या पिल्लाच्या पिशव्या रक्त पिऊन टम्म झालेल्या जळवांसारख्या होत्या. मी त्या चिरतोय तेवढ्यात दारात पाहुणे उभे. औशाहून मला बघायला आलेले मुलीकडचे लोक, आणि त्यांना घेऊन आलेला पाटील.

"पोरगं लई शिकलेलं हाय म्हन्ले हुते," त्यांतला म्हातारा म्हणाला.

"हाय की," पाटील म्हणाला. "हैद्राबादेला आतडी उकलायचंच शिकून आलंय. तुमच्या पोरीला बकरं सोलाया बाहेर जाया नगं."

चहा न घेता ते गेले. आईनं मला नाही, पिल्लाला लाथ मारली. मी पिशव्या मिठाच्या पाण्यात घालून बाटलीत भरल्या.

नांदेडला खुर्दबिणीखाली ते दिसलं. रक्तात मोहरीसारखे गोल, पण मोहरीपेक्षा कितीतरी पट बारीक, असे रोगाचे दाणे. पुस्तकात त्यांची सगळी चाल दिली होती. विष्ठेतून ते जमिनीवर पडतात. जमीन ओली आणि उबदार असली की पिकतात. पिकलेले दाणे दुसऱ्या पिल्लाच्या चोचीतून पोटात गेले की आतडं आतून पोखरतात. कोरड्या उन्हात मात्र त्यांचं काही चालत नाही. वाचता वाचता आमचं घर माझ्या डोळ्यांपुढं आलं. आई रोज सकाळी पिल्लांचा कोपरा शेणाच्या पाण्यानं सारवायची, आणि ते ओलं असतानाच त्याच जागी पुन्हा डालगं ठेवायची. गावातल्या सगळ्याच बायांची ती रीत. जितकी नेटकी बाई, तितकी तिची जमीन ओली, आणि तितकी तिची पिल्लं मरायची.

हे मी आईला सांगितलं.

"म्हंजे म्या मारली व्हय रे सगळी?"

"हाव," मी म्हणालो.

तिनं शेणाची पाटी माझ्या अंगावर पालथी केली.

पण वडिलांनी ऐकलं. आमचं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट माळवद. उन्हाळ्यात ते तव्यासारखं कोरडं असतं. फाल्गुनात निघालेली पिल्लं मी थेट माळवदावर चढवली. चारा पाखडून, पाणी उकळून द्यायचं, अंगणातल्या पायांनी कुणी वर जायचं नाही, असा नेम केला. एकही पिल्लू आजारी पडलं नाही. गाव शिडीवरून बघायला यायचं. मी प्रत्येकाला रोगाची गोष्ट समजावून सांगायचो, जरा मोठ्यानंच. पाटीलही येऊन गेला. खाली उतरून त्यानं वडिलांच्या पाठीवर थाप मारली. "दादा, औंदा साहेबाला दुप्पट कबूल करतो. तुझ्या घरात आता इलम हाय."

मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकावीच लागते, नाहीतर पावसात घर गळतं. माती पडायची म्हणून पिल्लं खाली आणली. आता ती मोठी झाली, आता काय होतंय, असं आम्हां सगळ्यांनाच वाटलं. अंगण ओलं झालं. आठवडा सरला आणि ती रक्त हगायला लागली. दरवर्षी निम्मीअर्धी तरी वाचायची. या वेळी एकही वाचलं नाही. मोठी असल्यामुळं रक्तही जास्त पडलं. आई खराट्यानं ते लोटत होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती.

दौरा आला. वडिलांना पुन्हा बोलावणं. मी कोट घालून बरोबर गेलो, साहेबाशी उर्दूतून दोन वाक्यं बोलेन म्हणून. वडील आता थकलेले. वाकले तेव्हा गुडघा वाजला.

"काका, म्हाताऱ्याला सोडा," मी म्हणालो.

"सोडतो की," पाटील म्हणाला. "तू बस त्याच्या शेजारी. साहेबानं शिकलेला मुर्गा कवा बघितला न्हाई. कोट राहू दे, कोटात चांगला दिसशील."

शिपाई माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी बसलो. वडिलांनी वाकल्या वाकल्या मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"कान नीट धर," ते म्हणाले. "सुटला तर पुन्हा करून घेत्यात."

नांदेडला परतल्यावर दवाखान्यात माझं लक्ष लागेना. मिळेल त्या कोंबडीची विष्ठा खुर्दबिणीखाली बघत बसलो. एका म्हाताऱ्या, रोज अंडी देणाऱ्या धडधाकट कोंबडीच्या विष्ठेत तेच रोगाचे दाणे दिसले. थोडे, पण तेच. म्हणजे रोग तिच्या पोटात होता आणि ती मजेत चरत होती. मग माझी पिल्लं का मेली? मेली, कारण माळवदावर त्यांच्या पोटाला या रोगाची गाठच पडली नव्हती. लहानपणी रोगाचे थोडे दाणे पोटात गेले तर आतडं सावध होतं, पुढं जास्त गेले तरी सोसतं. मी त्यांना स्वच्छ ठेवलं आणि मग एकदम घाणीत सोडलं.

पुढच्या खेपेला पिल्लं जमिनीवरच ठेवली, पण घरामागच्या मुरमाड, कोरड्या जागेवर. सारवण बंद. डालगं रोज नव्या जागी. आणि रोगाचे थोडेच दाणे पोटात जावेत म्हणून चाऱ्यात अंगणातल्या ओलसर मातीची चिमूट.

"आता माती चारायलास?" आई म्हणाली. "त्यापरीस माना मुरगाळ की."

काही पिल्लं पंख पाडून बसली. काही मेली. आईनं ती माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली, मी जेवत असताना. बाकीची सावरली. पावसाळ्यात ती ओल्या अंगणात सोडली आणि मी रजा वाढवून घरी थांबलो. जमीन लाल झाली नाही. तरी माझी खात्री पटेना. आईची सगळ्यांत लाडकी, नुकती अंड्यावर आलेली तलंग मी धरली आणि तिच्यादेखत मान कापून पोट फाडलं. दोन्ही पिशव्या स्वच्छ, आतलं अस्तर गुलाबी. मी ते बोटावर धरून आईला दाखवलं. ती मला नाही नाही ते बोलली. पण तलंग मला कापावीच लागणार होती. बाहेरून धडधाकट दिसण्यावर विश्वास ठेवून माळवदावरच्या पिल्लांच्या वेळी मी एकदा फसलो होतो.

दौरा आला तेव्हा वडिलांनी पायाला धरून कोंबड्या चावडीवर नेल्या, पाटलाच्या बाजेशी टाकल्या आणि परत फिरले. पाटील मागून ओरडला, "दादा, पुढल्या साली आणखी लागतील बरं का!" वडिलांनी वळून बघितलं नाही.

पाटील बोलल्याप्रमाणे जास्तच लागल्या, आणि आम्ही दिल्या. वडिलांना चावडीवर परत कुणी बोलावलं नाही. आमच्या गल्लीतल्या बायांनी पिल्लांखाली सारवणं सोडलं, डालगी कोरड्यात हलवायला लागल्या. मग साऱ्या गावानं तेच धरलं, पुढं शिरूर अनंतपाळकडच्या गावांनीही. रगत-हगवणीनं अधूनमधून एखादं पिल्लू मरायचं, पण डालगीच्या डालगी मरणं बंद झालं. हे मी केलं.