मावशीचं ओलं लुगडं

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज बातम्या लिहितो. आज राग लिहून राह्यलो.

सकाळी मावशीले भेटाले म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेलतो. पाहणीले साहेब आलते. साऱ्या खाटांवर नव्या चादरी. साहेबांनी मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं, "सेवा उत्तम."

मावशीचं लुगडं छातीपाशी ओलंचिंब होतं. "काहून वं मावशे?"

"पाणी वरूनच ओततेत बाबू, अन् ओंजळ थरथरते."

बाकीच्यांले पेले होते. आम्ही बौद्ध झालो, पण आमची जुनी जात ते विसरले नाहीत.

मी पेला मागितला. सेविका म्हणे, "मंग त्यात बाकीचे कसे पितीन?" साहेबांनी ऐकलं अन् वही मिटली.

मावशीले मी घरी आणलं. तुमचंही कोणी तिथं असंन. त्याच्या हातात पेला आहे म्हणून तुम्ही गप बसान काय?