तिरपा त्रिकोण

मालनबाईच्या नजरेतून माणसं फार लवकर उतरायची. लाखांदूरकडच्या त्या गावात सरपंच तिच्या लेखी नुसतं बुजगावणं होता, ग्रामसेवक आयतोबा होता आणि अंगणवाडीची पर्यवेक्षिका तृप्ती मॅडम तर कशातच जमा नव्हती. "चार्ट टांगला का झालं इचं शिकवनं," मालनबाई म्हणायची.

नऊ वर्षं मालनबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि आधीची सेविका सोडून गेल्यापासून शिकवायचीही तीच. आता सेविकेची जागा तिला मिळायची होती, पण त्यासाठी मॅडमचा शेरा लागणार होता. त्या बाईचा शेरा!

त्रिकोण तिने अंगणात शिकवला. तीन दगड मांडले, भोवती सुतळी ताणली आणि मग एक दगड लांब सरकवला. आकार तिरपा, लांबुळका झाला.

"कोपरे मोजा न रे. माह्याकडे काय पाहून राहिले?"

पाच वर्षांच्या टीनाने बोट लावून मोजले. "तीनच हायेत. मंग त्रिकोनच हाय."

मालनबाईला सहसा कुणी आवडत नसे. टीना आवडली.

मॅडम तपासणीला आली ती पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन. "यातला त्रिकोण कोण उचलेल?"

टीनाने तिरपा तुकडा उचलला. मॅडमने चार्टवरच्या नीटनेटक्या त्रिकोणाकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. "नाही बेटा, त्रिकोण असा वाकडा नसतो. मालनबाई, हे तुम्ही शिकवलंत?"

मॅडमचं पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं होतं. या मठ्ठ बाईला तीनपर्यंत मोजता येत नाही, हे मालनबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही मॅडम, पोरगी चुकली," ती म्हणाली. "टीना, ठेव तो. चार्टातल्यासारखा उचल."

टीनाने तिन्ही कोपऱ्यांना पुन्हा बोट लावून पाहिलं आणि मग तुकडा खाली ठेवला. मॅडमने 'समाधानकारक' लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी मालनबाईने टीनाला जवळ घेऊन सांगितलं, "तुहंच बरोबर होतं."

"मंग तू काहून लबाड बोलली?" टीनाने विचारलं.

मालनबाईला आजवर पुष्कळ जणांची शिसारी आली होती. आज स्वतःची आली, एवढी कुणाची आली नव्हती.