वाराला एक गोळी

घनसावंगीत माझ्या मेडिकलला लोक कटकटीचं दुकान म्हणतात. म्हणोत बापडे. चिठ्ठी कुठंय, कुणाची आहे, औषध कुणाला हवंय, असं मी विचारते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. सगळ्यांत जास्त वाजतं ते जुन्या चिठ्ठीवरून. पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं, दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायची, पुन्हा हवं असेल तर डॉक्टरनं तसं लिहिलेलं पाहिजे, असा नियम आहे. आमच्याकडे मात्र एकच चिठ्ठी घडीवर फाटेपर्यंत चालवायची रीत.

त्या सकाळी आलेल्या माणसाची चिठ्ठी बायकोच्या नावाची होती, संधिवाताची. साठीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, घाईत. औषध होतं मेथोट्रेक्झेट. नाव वाचूनच मी सावध झाले. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात; रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर जालन्याच्या एका दुकानाचा शिक्का होता, दहा गोळ्या दिल्याचा. म्हणजे दहा आठवड्यांची सोय. आणि शिक्क्याला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

“मामा, गोळ्या हरवल्या का?”

“हरवतील कशाला? संपल्या.”

“कशा घेतात मावशी?”

“डॉक्टरनं सांगितल्या तशा. वाराला एक.” ते बोटांवर मोजू लागले. “सोमवारला एक, मंगळवारला एक, बुधवारला एक. मी सोता हातानं देतो. एक बी वार चुकू दिला न्हाई.”

मी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. चिठ्ठीवर खरंच ‘वाराला १’ एवढंच खरडलेलं होतं. एक वार ठरवायचा आणि त्या वाराला गोळी घ्यायची, असं डॉक्टरला म्हणायचं होतं. यांनी सगळेच वार धरले. कुठला वार, हा एक शब्द लिहायला त्या डॉक्टरचं काय जात होतं, देव जाणे.

“मावशींचं तोंड आलंय का?”

“तुम्हाला कसं कळलं? चहा बी उतरत न्हाई. तापबी हाय. दोन दिसापासून गोळी बंद पडली ना, म्हणून वाढलंय. जल्दी करा म्हणून राह्यलो मी.”

“गोळी मिळणार नाही मामा. त्यांना आधी दवाखान्यात न्या.”

त्यांनी दवाखाना ऐकलाच नाही. ‘मिळणार नाही’ तेवढं ऐकलं. “पैशे देऊन राह्यलो न्हवं? फुकट मागतो का?”

“वाराला म्हणजे आठवड्यातून...”

“मला शिकवू नका. समोर भेटती बिगर कटकटीची.” माझ्या हातातली चिठ्ठी ओढून ते निघालेसुद्धा.

समोरचा मेडिकलवाला देणार, यात मला शंका नव्हती. त्याच्याकडे चिठ्ठी काउंटरवर पडायच्या आत औषध बाहेर येतं. आमचं बोलणं कधीचंच बंद होतं. फार्मासिस्ट नसताना दुकान उघडं ठेवायचं नाही, म्हणून मी तेवढ्यातही शटर ओढायला थांबले, आणि त्यापायी स्वतःलाच शिव्या घातल्या. जीपवाले बघत राहिले, मी चपला फटफटवत रस्ता ओलांडला. पोचले तेव्हा पट्टी त्याच्या हातात होती आणि मामा पैसे पुढे करत होते.

“देऊ नका. रोज खातायत त्या.”

“माझ्या गिऱ्हाइकात तुमचं काय काम?” तो म्हणाला. मग त्यानं चिठ्ठी पाहिली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. पट्टी हळूच काउंटरखाली ठेवली. “मामा, ही हप्त्याला एकच असती.”

माझ्यावर विश्वास नव्हता, त्याचं मात्र लगेच पटलं. याचा राग मला त्या धांदलीतही आला. मामांनी एकदाच विचारलं, “हप्त्याला?” आणि ते तिथंच पायरीवर बसले.

मावशी जीपथांब्याच्या बाकावर पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मी पदर बाजूला केला. ओठ सोलले होते, हिरड्यांतून रक्त येत होतं, अंग तापलेलं. जीप भरायची वाट न बघता ड्रायव्हरनं गाडी काढली. चिठ्ठीच्या मागे मी मोठ्या अक्षरांत गोळीचं नाव आणि ‘रोज घेतली’ असं लिहून दिलं आणि जालन्याच्या दवाखान्यात फोन केला. नंतर दिवसभर कुणाला नीट उत्तर दिलं नाही मी.

मावशी वाचल्या. रक्त चढवावं लागलं, बरेच दिवस तिकडे काढावे लागले. पुढे एकदा नवी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या, औषधही दुसरं होतं. ते कधी आणि कसं घ्यायचं, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मामा रस्त्यापलीकडे पाठमोरे उभे होते.

“त्यांना आत बोलवा की. त्यांनाही सांगते.”

“ते न्हाई यायचे,” मावशी म्हणाल्या. “गोळीचं सोडा बाई, तवापासून ते पाण्याचा तांब्यासुदिक माझ्या हातात देत न्हाईत.”