पदरावरची तिरकी घडी

आईचा काळाचौकीच्या चाळीतला एकच फोटो आहे. गिरणीत निघण्याआधी गॅलरीत उभी, अंगावर खळ दिलेली सुती नऊवारी.

गिरणगावातल्या बायकांचे जुने कपडे पुन्हा तयार करायचे आणि वापरून पाहायचे, हे माझं काम. कपडा नेसला, धुतला, वाळवला की फोटोवरून न कळणारं बरंच कळतं. आईचा फोटो मी सगळ्यात शेवटी घेतला.

ती म्हणायची, त्या खोलीत एकटं बसायलाही जागा नव्हती. मी लालबागला एकटी राहू लागले तेव्हा तिने विचारलं होतं, "हे तू कुठून शिकलीस?" उत्तर द्यायचं राहिलं. आता ती नाही.

तशी नऊवारी दादरला मिळाली. खळ दिली. घडी घालताना दुसरं टोक शेजारणीने धरलं.

"गणपती लांब आहेत. लग्न कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग नटून जाणार कुठे? लिफ्टपर्यंत?"

नेसून पाहिली. पदरावर घडीची रेघ बरोबर मधोमध उमटली होती. फोटोतली रेघ मात्र खांद्यावरून खाली येताना काठाकडे सरकलेली.

पुढच्या वेळी शेजारणीला बोलावलं नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरलं. नऊ वार एकटीला आवरत नाहीत. मध्ये झोळ पडतो, काठावर काठ बसत नाही. पुन्हा नेसले. रेघ फोटोतल्यासारखी तिरकी आली.

एवढ्यावर खात्री होत नाही. त्याच खोलीत राहिलेल्या मावशीला गावी फोन लावला.

"आईच्या साडीची घडी कशी घालायचात गं?"

"आम्ही खंय? तीच घाली. टोक गजाक बांधून."

"खोलीभर माणसं होती ना?"

"होती गो. अर्धी पाळीवर, अर्धी पाळी करून निजलेली. टोक धरूक जागां कोण होतां?"

मग तिने जेवण झालं का विचारलं. झालं म्हटलं.

फोटोखाली ओळ लिहिली: साडीची घडी एकटीने घातलेली.

मग नऊवारी सोडली आणि टोक पुन्हा गजाला बांधलं.