प्रिव्ह्यूमध्ये न टिकणारा शब्द

“त्यो मेलाय का न्हाई, ते आता पत्रिका ठरवनार व्हय?”

माझ्या खुर्चीमागे बसलेल्या गिऱ्हाईक मावशी त्यांच्या दिराला हळूच म्हणाल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवून टाईप करत राहिले.

पाथर्डी, एसटी स्टँडजवळचं माझ्या मामाचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका वगैरे जुळवून छापून द्यायचं दुकान. साल १९९८, उन्हाळा, सकाळची वेळ. आधीच सांगते — संकेत, चमत्कार असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या बौद्ध घरात तसलं काही बोलायचीही सोय नव्हती. नगरच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायला मी बिचकायचे… कीबोर्डला मात्र नाही.

मावशींचे यजमान, रतन, बऱ्याच वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेले होते. एके दिवशी कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, बाजाराला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. आता मुलीचं लग्न होतं. आमच्यात पत्रिकेवर गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. दिराला तो शब्द हवा होता.

“सोयरे इचारत्यात, वहिनी. बाप हाय, तर हाय कुठं?”

“एकदा छापून आलं की समदे मला बी इधवाच समजत्याल, भावजी.”

“आन् न्हाई छापलं तर काय सांगू? बाजारातनं यायचाय आजून?”

मी शब्द टाईप केला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या खिडकीत मजकूर टाईप करायचा. उजवीकडे प्रिव्ह्यू, म्हणजे पत्रिका छापल्यावर कशी दिसेल ते. पण प्रिव्ह्यू आपोआप बदलत नसे. F9 दाबलं की तो क्षणभर पांढरा व्हायचा आणि वरून खाली नव्या ओळी उमटायच्या. मी F9 दाबलं. शब्द आला. दिराने मान डोलावली.

मी चहाचा कप उचलला. दोन्ही हात कपाला. प्रिव्ह्यू पांढरा झाला… ओळी उमटल्या. ‘कालकथित’ नव्हतं. डावीकडे होतं, उजवीकडे नव्हतं.

पुन्हा F9. आला. हात मागे घेतला — गेला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फाईल पुन्हा उघडली. तेच. त्याच पत्रिकेवर नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधीही ‘कालकथित’ होतं. ते जागचं हललं नाही.

“इंग्लिश शाळंत हेच शिकिवलं का गं?” दीर म्हणाले.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्या पुढे वाकल्या. “तिथं काय लिवलंय आता?”

“रतन यांची कन्या… एवढंच,” मी पुटपुटले.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नंतर मामाने फाईल तपासली, नगरहून सॉफ्टवेअरवाला येऊन गेला. दोष सापडला नाही. पुन्हा तसं कधी झालंही नाही. रतन लग्नाला आले नाहीत, माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतरही नाही. त्यामुळे तो संकेत होता असंही मला म्हणता येत नाही. जे दिसलं ते लिहिलंय… त्यामागचं कारण मला आजही ठाऊक नाही.

त्या सकाळी दीर म्हणाले, “तिकडं दिसना तर दिसना. डावीकडं हाय न्हवं? छापून टाक.”

खरं तर प्रिंट काढली असती तर शब्द उमटला असता की नाही, हे तिथेच कळलं असतं. मी काढली नाही. डावीकडचा शब्द पुसला, खुर्ची वळवली आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“काका, मावशी हो म्हणेपर्यंत हा शब्द मी छापणार नाही.”