बाही ६००

लोकरीच्या पिशवीत हात घातला की हवा तो रंग सोडून बाकी सगळं हाताला लागतं. आमच्या टाउनशिपमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक ओढावा, तर मागून चार गुंतून येतात. म्हणून मी आपली एकाच स्वेटरचा किस्सा सांगते.

लग्नानंतर एकोणीस दिवसांनी आमचे हे साइटवर गेले. भोपाळच्या कारखान्यात टर्बाइन बनायचं आणि ते बसवायला माणसं दूर कुठेतरी जायची. मी रत्नागिरीची. थंडी म्हणजे काय ते ऐकून माहीत. दिवाळी झाली आणि शेजारच्या देशपांडे काकूंनी मला हाताला धरून क्वार्टर्समागच्या उन्हात नेऊन बसवलं. तिथे रोज अकरा वाजता बायकांचं विणकाम चालायचं. मी तीन आठवडे फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणत होते. काकूंनी परस्परच जाहीर केलं, "ही नवऱ्याचा स्वेटर करणार आहे."

*

त्या दिवसांत टाउनशिपपलीकडे, अवधपुरीच्या बाजूला, नुसती शेतं होती. पावसाळा सरला की तिथे मेंढ्यांचे कळप उतरायचे. काकू मेंढपाळांकडून कच्ची लोकर आणायच्या, धुऊन पिंजायच्या आणि टकळीवर कातायला लावायच्या. माझा धागा एका जागी सुतळीएवढा, तर दुसऱ्या जागी केसाएवढा.

समोरच्या तिवारी भाभींनी तो उन्हात धरून पाहिला. "बिलकुल भोपाल की सड़क है. कहीं चढ़ाव, कहीं उतार."

तरी त्यांनीच माझ्या मांडीवरची टकळी उचलली आणि अर्धी लडी कातून दिली.

*

मग रंग. महिनाभर सगळ्या क्वार्टर्समधून कांद्याची सालं गोळा झाली. काकूंनी ती, रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घालून, मोठ्या पातेल्यात उकळली आणि लोकर भिजवायला मागे गेल्या. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. देशपांडे काका घरी आले, पातेलं पाहिलं, वाटी भरून घेतली आणि भाताबरोबर जेवून मोकळे झाले!

"सार बरं होतं," हात धुताना ते म्हणाले, "मीठ तेवढं विसरलीस."

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुरटी घातली होती. आता धुतला तरी रंग जायचा नाही."

उरलेल्या पाण्यातून माझी लोकर निघाली ती थेट मधासारखी. वाळत घातलेल्या लड्यांखाली मी उगाच बराच वेळ उभी होते. कुणाच्या अंगावर हा रंग कसा दिसेल, ते डोळ्यांपुढे आणून पाहत होते. चेहरा यायचा. खांद्यांपाशी सगळं पुसट व्हायचं.

*

टाके घालायच्या दिवशी काकूंनी माप विचारलं. हे जाताना आपले सगळे कपडे घेऊन गेलेले. मी उभी राहिले आणि यांची उंची दाखवायला हात वर केला. मग जरा खाली आणला. मग पुन्हा वर.

भाभी म्हणाल्या, "शादी किससे हुई है, याद तो है न?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र यांना पत्र लिहिलं. पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, तेही माप.

दहा दिवसांनी उत्तर आलं. पत्र नव्हतं, ड्रॉइंग होतं! समोरून, बाजूने, वरून. माणसाला नाक-डोळे नाहीत, मिशा तेवढ्या आहेत. छाती ९६५, बाही ६००, सगळं मिलिमीटरमध्ये, अधिक-उणे पाच. खाली एकच ओळ: 'संक्रांतीला येतो.'

तेव्हापासून काकू रोज काकांची स्टीलची पट्टी घेऊन यायच्या आणि माझं विणकाम तपासून पास करायच्या.

*

संक्रांतीच्या आधीच स्वेटर होत आला. बाह्यांचे टाके बंद करायचे राहिले होते, तर पत्र आलं. मशीन थरथरतंय, सव्वीस जानेवारीनंतर पाहू. मला सुया रिकाम्या करवेनात. दोन्ही बाह्यांना सहा-सहा ओळी वाढवल्या.

मग फेब्रुवारी ठरला, मोडला. सहा ओळी. होळी ठरली, मोडली. सहा ओळी. काकूंनी पट्टी आणणं बंद केलं. एकदा त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि लोकरीचा आणखी एक गुंडा माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

*

हे आले तेव्हा एप्रिल लागला होता आणि घरात पंखा फिरत होता. तशात त्यांनी स्वेटर घातला. छाती बरोबर, खांदे बरोबर. हात मात्र दिसेनात. त्यांनी स्वतः पट्टी लावली.

"ऐंशी जास्त आहे."

"हो."

"ड्रॉइंग चुकलं होतं का?"

"नाही. संक्रांतीला बरोबर होतं."

ते बराच वेळ त्या शेवटच्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. काकू खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, द्या इकडे, उसवून देते." यांनी दिला नाही. आठ दिवसांनी साइटवर जाताना बॅगेत सगळ्यात वर तोच ठेवला, भर उन्हाळ्यात.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत पुन्हा ड्रॉइंग. तीच तीन चित्रं, त्याच मिशा. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सुधारणा क्रमांक १. बाही ६८०.'

आणि चित्रातल्या माणसाचे हात तेवढे लांब काढले होते.