ढगातली राणी

मला मूल नाही, हे हिंदी मुलखातल्या या लालबागच्या घरात मला कुणी सांगावं लागत नाही. भांडीवालीसुद्धा नजरेनं सांगून जाते. पण दुपारी गल्लीतली झाडून सगळी पोरं माझ्याच ओट्यावर असायची, ढगातल्या राणीची गोष्ट ऐकायला. लहानपणी पुस्तकात वाचलेली. राणीचा पांढरा महाल, लांबच लांब वेणी, पोटी मूल नाही. म्हणून ती वेणी खाली सोडते, रुसलेल्या मुलांना वर ओढून घेते, खीर खाऊ घालते आणि उजाडायच्या आत ज्याला त्याला अंथरुणात आणून ठेवते. जाऊची मुलगी मला 'बडी मम्मी' म्हणते, ती तर माझ्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय ऐकायचीच नाही. या घरात तेवढंच काय ते माझं होतं.

संक्रांतीनंतर जाऊच्या धाकट्याचं बोरन्हाण होतं. काळं झबलं मी शिवलं, हलव्याचे दागिने मी केले, बोरं-चुरमुरे मी निवडले. घरातले पुरुष शाहपुरला केळी काढायला गेलेले. बायका जमल्या तशी जाऊनं रिमोट माझ्या हातात दिला.

"ताई, तुमच्या राणीची सिरियल आलीये, हिंदीत. पोरांना घेऊन आतल्या खोलीत बसा ना. ओवाळून झालं की बोरं लुटायला हाक मारते."

मला काय कळत नाही? वांझेचा हात निरांजनाला लागू नये, एवढंच सरळ म्हणायला तिची जीभ रेटेना. म्हटलं, मरू दे, शुभकार्यात तमाशा कशाला. गेले आत.

पडद्यावर तोच पांढरा महाल, तीच वेणी. अगं बाई, काय आनंद झाला म्हणून सांगू! 'सुरुवातीपासून पाहायचं का?' असं टीव्हीनं विचारलं. मी हो दाबलं आणि पोरांना म्हटलं, "बघा रे, आपली राणी!"

राणीनं वेणी सोडली, मुलगा वर आला, खीरही आली. मग राणी त्याचे केस कुरवाळत म्हणाली, "मेरी कोख ख़ाली है बेटा, अब तू यहीं रहेगा," आणि तिनं जबडा उघडला. पुढचं मी लिहीत नाही. रिमोट हातात असून मला बटण सापडेना. पोरं किंचाळत बाहेर पळाली ती थेट ओवाळणीच्या ताटावर, आणि निरांजन उलटलं.

"शी! लेकरांना असलं दाखवतात का?" एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "जिला झालंच नाही तिला काय कळणार?"

जाऊनं बाळाला छातीशी धरलं. "अहो ताई, आधी बघून तरी घ्यायचं. ही मोठ्या माणसांची सिरियल आहे." आवाज अगदी साखरेत घोळलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी कुणी बघितली नसेल तर टीव्ही 'सुरुवातीपासून का' असं विचारत नाही. बयेनं अख्खी सिरियल बघून ठेवली होती! मी सगळ्यांसमोर तसं म्हटलं. तर सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता. लेकराच्या दिवशी तुझा तळतळाट नको." म्हणजे करणारी ती, आणि तळतळाट माझा! संताप संताप झाला. जमिनीवर सांडलेली बोरंसुद्धा मग मीच वेचली.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कुणी फिरकलं नाही. पलीकडच्या घरातून आया पोरांना हाका मारून आत घेतात, मी ऐकते.

पण जाऊची मुलगी एका दुपारी शाळेतून आली आणि उंबऱ्यात थांबली. माझा जीव भांड्यात पडला. मी मांडी थोपटली. तेवढ्यात धाकटा दुडुदुडु माझ्याकडे निघाला, मी हात पसरले. तिनं धावत येऊन मागून त्याचं झबलं घट्ट धरलं, त्याला आपल्या पाठीशी घातलं आणि स्वतः माझ्यापुढं उभी राहिली. डोळे गच्च मिटलेले.

"बडी मम्मी, इसको मत ले ना, हा छोटा आहे," ती म्हणाली. "तुला भूक लागली तर मला खा."